मखमली किडे, त्यांच्या छुप्या प्रजाती आणि डीएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञानात ‘जोडणारे दुवे’ आले की पेरिपॅटस येतो, आणि पेरिपॅटस आला की आमच्या फोनवर प्रश्न येतात. बीडहून, किनवटहून, उदगीरहून; विद्यार्थ्यांचे, त्यांच्या शिक्षकांचे, मधूनच एखाद्या शेतकऱ्याचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून एकदा सगळे एका जागी लिहून काढले. सोपे आधी, किचकट नंतर.

१. पुस्तकातला पेरिपॅटस म्हणजेच मखमली किडा का?

हो. पेरिपॅटस हे खरं तर या गटातल्या मोजक्या भाईबंदांचं नाव, पण पाठ्यपुस्तकांनी ते सगळ्या गटाला चिकटवलं. अंग मऊ, त्यावर बारीक उंचवट्यांची मखमल, आखूड गुबगुबीत पायांच्या १३ ते ४३ जोड्या आणि प्रत्येक पायाला दोन नखं. म्हणूनच संघाचं नाव ओनिकोफोरा, म्हणजे नखधारी. तोंडाशेजारच्या दोन नळ्यांतून तो चिकट द्रवाच्या पिचकाऱ्या मारतो, समोरचा किडा जागीच जखडतो, मग सावकाश खातो. आजवर दोनशेच्या वर प्रजातींना नावं मिळाली आहेत. १८२६ मध्ये लॅन्सडाउन गिल्डिंग या पाद्र्यानं कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून पहिलं वर्णन केलं, तेव्हा त्याला ती पाय फुटलेली गोगलगाय वाटली होती. आपल्याकडच्या सोयाबीनवाल्यांनी दचकू नये, गोगलगायीशी याचं काही नातं नाही.

२. मग परीक्षेत ‘वलयांकित आणि संधिपाद यांना जोडणारा दुवा’ लिहायचं की नाही?

मार्क हवे असतील तर लिहा. पण मनात एवढं ठेवा की डीएनएनं हे चित्र बदललं आहे. १८७०च्या दशकात चॅलेंजर या समुद्र-संशोधनाच्या जहाजावरच्या हेन्री मोझली यांना दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये पकडलेल्या पेरिपॅटसच्या अंगात श्वासनलिका दिसल्या आणि संधिपादांशी (कीटक, कोळी, खेकडे यांच्याशी) नातं तेव्हाच पुढे आलं. १९९७ नंतर जनुकांच्या तुलनेतून कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक मोठा गट मानला जाऊ लागला. मखमली किडे त्यात संधिपादांच्या शेजारी बसतात. गांडूळ आणि जळू या वलयांकितांचं घराणं फार लांबचं निघालं. म्हणजे हा दोघांच्या मधला पूल नाही, एका बाजूचा चुलतभाऊ आहे. शिक्षकांनी वर्गात एवढं एक वाक्य जोडलं तरी पुरे.

३. मिरगाच्या पावसात शेतात निघतो तो लाल मखमली किडा हाच ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि दरवर्षी जूनमध्ये फोटोसकट येणारा. नाही. तो मिरगाचा किडा म्हणजे ट्रॉम्बिडियम नावाचा मोठा माइट, कोळ्या-विंचवांच्या नात्यातला, आठ पायांचा. शेणकुडाखाली वेटोळं करून बसणारा काळा-तपकिरी ‘पैसा’ किंवा ‘वाणी’ हाही नव्हे, त्याचं अंग कडक कड्यांचं असतं. गोमही नाही. मखमली किड्याच्या पायांना सांधे नसतात, ते फुग्यासारखे आतल्या द्रवाच्या दाबावर चालतात. फोटो पाठवण्याआधी पाय बघा.

४. मराठवाड्यात सापडेल का?

नोंद नाही, आणि का नसावी ते सहज कळतं. या प्राण्याच्या अंगावर श्वसनाची असंख्य बारीक छिद्रं असतात आणि ती त्याला मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत तो बघता बघता सुकतो. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मग आठ महिने भेगाळलेली काळी जमीन. गौताळ्याच्या दऱ्या किंवा किनवट-माहूरचं सागवान कितीही दाट वाटलं तरी मार्च-एप्रिलमध्ये तिथला पाचोळा पापडासारखा मोडतो.

भारतातून नाव मिळालेली प्रजाती एकच: टायफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनाय, अरुणाचलातल्या सियांग खोऱ्यातली. १९११-१२ च्या इंग्रजांच्या अबोर मोहिमेत ती सापडली आणि १९१३ मध्ये स्टॅन्ली केम्प यांनी तिचं वर्णन केलं. ‘टायफ्लो’ म्हणजे आंधळा. बाहेरून डोळे दिसत नाहीत. मग शंभरावर वर्षं ती कुणाला दिसलीच नाही. बंगळुरूच्या ‘एट्री’ संस्थेच्या संशोधकांना ती १११ वर्षांनी त्याच खोऱ्यात पुन्हा भेटली.

५. ‘छुपी प्रजाती’ म्हणजे लपून बसणारी का?

लपून तर सगळेच बसतात. इथे छुपी म्हणजे नावाखाली लपलेली. डोळ्यांना एकच वाटणारे प्राणी प्रत्यक्षात वेगवेगळ्या वंशावळींचे असतात, लाखो वर्षं त्यांच्यात बेटीव्यवहार झालेला नसतो, पण संग्रहालयात सगळ्यांच्या बरणीवर चिठ्ठी एकच.

आपल्या भाषेत सांगायचं तर सामायिक सातबारा. उताऱ्यावर एकच गट, वहिती चार भावांची. त्यातल्या एकाचा तुकडा ओढ्यानं वाहून नेला तरी गटाचं क्षेत्र कागदावर तेवढंच दिसतं. डीएनएचं काम म्हणजे फाळणीची मोजणी. ही उपमा आम्ही पुढेही वापरणार आहोत.

(शब्दांचा एक खुलासा: शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘जाती’ म्हणतात त्यालाच आम्ही इथे बोलीतल्या सवयीनं ‘प्रजाती’ म्हटलं आहे. पुस्तकातली ‘प्रजाती’ म्हणजे जीनस. यावरून रागाचे मेसेज येतात, म्हणून आधीच सांगितलं.)

६. मखमली किड्यांतच छुप्या प्रजाती इतक्या का निघतात?

त्याचं उत्तर प्रश्न ४ मध्येच आहे. ज्याला कोरड्या जागेतून जाता येत नाही, तो जंगलाचा तुकडा सोडून जात नाही. ओलसर कुजका ओंडका, त्याखालची माती, दगडाची फट, एवढंच त्याचं जग. हवामान कोरडं होत गेलं, सलग जंगलाचे तुकडे झाले, की प्रत्येक तुकड्यातले किडे आपापल्या वाटेनं बदलत राहतात. मधल्या गवताळ पट्ट्याची रुंदी आपल्याला दुपारची चाल वाटेल, त्यांच्या दृष्टीनं तो समुद्र.

पण ओंडक्याखालचं जगणं सगळीकडे सारखंच. अंधार, ओल, तीच शिकार. त्यामुळे बाहेरचं रूप बदलायला कारण पडत नाही. आतला डीएनए मात्र पिढ्यागणिक थोडा थोडा बदलत जातो. त्यात भर म्हणजे हे प्राणी मऊ. स्पिरिटमध्ये टाकले की आकसतात, रंग उडतो, आणि ओळखायला जे काही होतं तेही जातं.

७. नावापुरता फरक. एवढं वेगळं मोजून मिळतं काय?

‘हा प्राणी सगळीकडे आढळतो’ हा शिक्का फार महागात पडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ओपिस्थोपॅटस सिंक्टिपीसचं उदाहरण घ्या. देशाच्या पूर्व भागात दूरवर पसरलेली एकच प्रजाती, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. म्हणजे चिंतेचं कारण नाही. स्टेलेनबॉश विद्यापीठातले सॅव्हेल डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या किड्यांचा डीएनए लावून पाहिला, त्वचेचे उंचवटे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, आणि २०१६ मध्ये त्यातून पाच नव्या प्रजातींची वर्णनं प्रसिद्ध केली. पसरलेला एक प्राणी गेला, त्याच्या जागी लहान लहान जंगलांत अडकलेले अनेक आले. अशा एखाद्या जंगलात निलगिरी-पाइनची लागवड झाली, तर पूर्वीच्या हिशोबानं किरकोळ नुकसान. नव्या हिशोबानं एक भाऊ निर्वंश.

ऑस्ट्रेलियातही हेच घडलं. आधी बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रजाती माहीत होत्या. डीएनए वाचणं महाग होतं त्या काळात तिथल्या संशोधकांनी प्रथिनांची रूपं जेलवर पळवून फरक शोधले (त्याला ॲलोझाइम पद्धत म्हणतात), आणि १९९६ च्या एकाच मोठ्या आढाव्यात ४१ नव्या प्रजाती नोंदल्या गेल्या.

८. डीएनए तपासणी प्रत्यक्षात कशी करतात?

थोडक्यात सांगतो. ऊतीचा बारीक तुकडा घेतात, त्यातून डीएनए वेगळा काढतात, हवा तो भाग पीसीआर यंत्रात लाखो पटींनी वाढवतात आणि त्याची अक्षरं वाचतात. कोविडमुळे पीसीआर हा शब्द आता गावोगावी माहीत आहे, यंत्र तेच. प्राण्यांसाठी बहुतेक वेळा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वापरतात. कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही ‘डीएनए बारकोड’ची कल्पना मांडली.

मग ठिकठिकाणच्या नमुन्यांची अक्षरं शेजारी शेजारी ठेवून वंशवृक्ष काढतात. एका फांदीवर एकाच डोंगरातले सगळे, दुसऱ्यावर दुसऱ्यातले, आणि दोन फांद्यांमध्ये मोठं अंतर, असं दिसलं की कान टवकारायचे. निष्कर्ष मात्र अजून काढायचा नाही, तो का ते प्रश्न १० आणि ११ मध्ये.

९. तपासणीसाठी किडा मारावा लागतो का?

नुसत्या डीएनएसाठी नाही, एखाद्या पायाचा तुकडा पुरतो. पण नव्या प्रजातीला नाव द्यायचं तर एक अख्खा नमुना संग्रहालयात कायमचा ठेवणं हा रिवाज आहे, पुढच्या अभ्यासकाला ताडून बघता यावं म्हणून. किती घ्यायचे यात तारतम्य लागतं. हे प्राणी भराभर वाढणारे नाहीत. कित्येक प्रजातींच्या माद्या थेट पिल्लांना जन्म देतात आणि काहींचं गर्भारपण वर्षाहून लांबतं. एकाच ओंडक्याखालचं सगळं कुटुंब बाटलीत भरणारा संशोधक आम्ही संशोधक मानत नाही.

१०. किती टक्के फरक पडला की वेगळी प्रजाती?

असा आकडा नाही. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, विशेषतः प्रकल्प लिहिणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांना. पक्ष्यांसाठी किंवा फुलपाखरांसाठी सुचवलेली दोन-तीन टक्क्यांची रेघ मखमली किड्यांवर ओढली, तर प्रत्येक ओढ्याकाठी नवी प्रजाती ‘सापडेल’. न फिरणाऱ्या प्राण्यांत एकाच प्रजातीच्या शेजारशेजारच्या वस्त्यांतही बराच फरक साठतो. टक्का सांगतो की इथे खणा. पाणी लागलंच असं तो सांगत नाही.

११. फक्त सीओआयवर भागतं का?

नाही, आणि याची कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. समजा माद्या जन्मल्या तिथेच राहतात आणि नर या ओंडक्यावरून त्या ओंडक्यावर जातात. मग सीओआयमध्ये दोन ओंडके दोन घराणी दिसतील, पण नरांमुळे दोन्हीकडचं रक्त मिसळत असेल. नुसता आईकडचा वंश पाहून सोयरीक झालीच नाही म्हणणं जसं चूक, तसंच हे. म्हणून केंद्रकातली जनुकंही वाचावी लागतात, कारण ती आई-बाप दोघांकडून येतात.

दुसरी अडचण नकली प्रतींची. कधी मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा तुकडा फार पूर्वीच केंद्रकात जाऊन बसलेला असतो. पीसीआर चुकून तोच वाढवतो आणि आपण भुताचा वंशवृक्ष काढत बसतो.

तिसरी गोष्ट, केंद्रकातली जी जनुकं सहज वाचता येतात ती फार सावकाश बदलतात, त्यामुळे नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींत ती सारखीच दिसतात. म्हणजे एक साक्षीदार फार बोलतो, दुसरा बोलतच नाही. मग अंगरूप, त्वचेची सूक्ष्म रचना, पायांच्या जोड्या आणि भूगोल असे बाकीचे साक्षीदार बोलवायचे. ब्राझीलमधल्या एपिपेरिपॅटस किड्यांवर २०११ मध्ये असाच दुहेरी अभ्यास झाला. आधी डीएनएनं फांद्या दाखवल्या, मग त्या फांद्यांप्रमाणे अंगावरच्या खुणा पुन्हा तपासल्या, आणि आधी न दिसलेले बारीक फरक हाती लागले. डोळ्यांना कुठे बघायचं ते कळलं की पुष्कळदा छुपी प्रजाती तितकी छुपी राहत नाही.

१२. रंग वेगळा तर प्रजाती वेगळी, असं धरलं तर?

धरू नका. एकाच वस्तीत काळे, विटकरी, हिरवट असे भाऊबंद निघतात आणि वेगळ्या प्रजाती एकाच रंगाच्या असतात.

१३. एकाच ओंडक्याखाली दोन प्रजाती असू शकतात?

असू शकतात, आणि तेव्हाच पुरावा सगळ्यात पक्का असतो. दोन लांबच्या डोंगरांतले किडे वेगळे दिसले तर शंका उरते: भेटले असते तर जुळले असते का? एकाच जंगलात, शेजारी राहूनही मिसळत नसतील, तर प्रश्न मिटला. न्यूझीलंडमध्ये पेरिपॅटॉइडीस नोव्हेझीलँडी या एका नावाखाली नेमकं हे सापडलं. १९९८ मध्ये तिथून वेगळ्या केलेल्या एका प्रजातीचं नावच ‘सिम्पॅट्रिका’ ठेवलं, म्हणजे सहवासी.

१४. कॉलेजच्या संग्रहालयातल्या जुन्या बरणीतून डीएनए निघेल का?

बरणीत काय आहे त्यावर. फॉर्मॅलिन असेल तर जवळपास आशा सोडा, ते डीएनएचे तुकडे करून त्याला प्रथिनांशी चिकटवून टाकतं. आमचाच अनुभव सांगतो. एका पावसाळ्यात गोगलगायींचे चांगले चाळीस नमुने, गावाचं नाव-तारीख सगळं लिहून, सवयीनं फॉर्मॅलिनमध्ये ठेवले. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतून उत्तर आलं: काही निघत नाही. तेव्हापासून ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल, बाटली गच्च भरून आणि शक्यतो थंडीत. चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत. बाहेर पेनानं लिहिलेली इथेनॉलनं पुसली जाते.

१५. वेगळी फांदी सापडली पण नाव दिलं नाही, तर संरक्षण मिळतं का?

कागदोपत्री फार अवघड. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची संकटग्रस्त जीवांची लाल यादी, सरकारी अनुसूची, पर्यावरण अहवाल, सगळीकडे रकाना नावाचा असतो. ‘वंशशाखा क्र. ३’ त्यात बसत नाही. म्हणून फाळणीची मोजणी झाली की फेरफारही व्हावा लागतो, म्हणजे वर्णन आणि नाव प्रसिद्ध व्हावं लागतं. तिथेच गाडी अडते, कारण वर्गीकरण करणारी माणसं कमी आणि त्या कामाला निधी त्याहून कमी. डीएनएच्या फाइली संगणकात पडून राहतात.

तरी वाट नसतेच असं नाही. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात महामार्ग रुंदीकरणाच्या वेळी तिथल्या मखमली किड्यांचा विचार करावा लागला, ते किडे अजून अधिकृत नावाविना असतानाही. ब्राझीलमध्ये ओरू प्रेतूजवळचं त्रिपुई हे राखीव क्षेत्र तर मखमली किड्याच्या एका प्रजातीसाठीच उभं राहिलं. वाघासाठी नाही, हत्तीसाठी नाही. हे वाचल्यावर आम्ही दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

१६. नामशेष म्हणून नोंदलेला परत सापडला, असं झालंय का?

झालंय. दक्षिण आफ्रिकेतला गुलाबी ओपिस्थोपॅटस रोझियस नामशेषांच्या यादीत गेला होता, नंतर जंगलात पुन्हा मिळाला. आता तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. आपला सियांगचा आंधळा (प्रश्न ४) त्याच जातकुळीचा किस्सा.

१७. कमी झाले तर दुसऱ्या जंगलातून आणून सोडावेत का?

याच ठिकाणी सद्हेतू माणसं सर्वाधिक नुकसान करतात. बाहेरून सारखे दिसणारे दुसरे भाऊ आणून सोडले आणि ते मिसळले, तर लाखो वर्षं वेगळी राहिलेली घराणी पुसली जातील. मिसळले नाहीत, तर ओंडक्यावरून भांडतील. आधी डीएनए, मग सोडणं. उलट बाजूही खरी: तुकडा फार लहान होऊन घरातल्या घरात जुळणी वाढली असेल, तर त्याच प्रजातीच्या जवळच्या वस्तीतले थोडे प्राणी आणणं हिताचं ठरू शकतं. ‘त्याच प्रजातीच्या’ हे ठरवायला पुन्हा प्रश्न १० आणि ११. बहुतेक ठिकाणी मात्र सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कुजके ओंडके जंगलातून ‘साफसफाई’ म्हणून न उचलणं.

१८. मखमली किडा इथे नाहीच, मग मराठवाड्यात बसून आम्ही काय करायचं?

पद्धत इथेही तीच चालते. पॉल हेबर्ट यांचं नाव प्रश्न ८ मध्ये आलं. त्यांच्याच नावाचं डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधता अभ्यास केंद्र छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. आपल्या अंगणातलं हे केंद्र पुष्कळ बी.एस्सी.वाल्यांना माहीत नसतं.

आणि एकाच नावाखाली अनेक असण्याचा प्रकार आपल्या कोरड्या मुलखातही घडतो. गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे सगळे एकाच जीनसचे मानले जात. २०१६ मध्ये अंगरूप आणि डीएनए दोन्ही तपासून त्यातले काही वेगळे काढले आणि त्या नव्या जीनसला नाव दिलं ‘सरडा’. आपलाच मराठी शब्द, लॅटिन तोऱ्यात. बालाघाटातले विंचू, ओढ्यातले खेकडे, दगडाखालच्या पाली, गोड्या पाण्यातले शिंपले, हे सगळे फार न फिरणारे जीव. प्रश्न ६ त्यांनाही लागू पडतो.

१९. मग उद्यापासून गौताळ्यात जाऊन नमुने गोळा करू का?

नाही! अभयारण्यातला दगडाखालचा किडाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलता येत नाही. जैवविविधता कायदा, २००२ मुळे परदेशी प्रयोगशाळेकडे नमुने पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला विचारावं लागतं. परवानगीविना करता येण्यासारखं बरंच आहे: फोटो, तारीख, नेमकी जागा, आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून बघा. बहुतेक नोंदवह्यांत झाडं आणि पक्षी असतात, ‘किडे’ या शब्दापुढे डॅश असतो. ती जागा भरायला डीएनए लागत नाही.

२०. नवीन प्रजाती सापडली तर तिला माझ्या आजीचं नाव देता येईल का?

येईल, वर्णन तुम्ही लिहून प्रसिद्ध केलं तर. नियम नावाच्या रूपाचे आहेत, माणसाच्या मोठेपणाचे नाहीत. पेरिपॅटोप्सिस बाल्फोराय हे नाव फ्रान्सिस बाल्फोर यांच्यावरून आलं. पेरिपॅटसचा अभ्यास करता करता ते १८८२ मध्ये आल्प्समध्ये डोंगर चढताना गेले आणि सहकाऱ्यानं त्यांची आठवण अशी ठेवली. स्वतःचं नाव मात्र स्वतः देत नाहीत. मनाई नाही, पण लोक हसतात.